चोपणाला चोपणच म्हणा

सोलापूर जिल्ह्यात जमिनी खराब होण्यावर बोलणं निघालं की वाद ठरलेल्या वाटेनं जातो. एकजण म्हणतो, उसाला पाणी पाजून पाजून जमिनी खारवल्या. ऊस बंद करा, प्रश्न मिटेल. दुसरा म्हणतो, उपदेश नको, अनुदानावर जिप्सम (जमीन सुधारायला वापरतात ते कॅल्शियमचं खनिज) द्या, बाकी आमचं आम्ही बघतो. अलीकडे तिसरा येतो आणि सांगतो की आता उपग्रहातून सगळं दिसतं, नकाशा घरबसल्या तयार होईल. त्यावर चौथा कळवळून म्हणतो, नकाशा करूच नका. जमिनीला गिऱ्हाईक मिळणार नाही आणि सोसायटी कर्ज देणार नाही. यातला कुणीही खोटं बोलत नाही. पण चौघंही एकाच जागी चुकतात, असं मला ठामपणे वाटतं. चौघंही 'खार' म्हणतात आणि त्या एका शब्दाखाली दोन वेगळे आजार झाकून टाकतात.

माझी भूमिका आधीच मांडतो. सोलापूरसारख्या कोरड्या जिल्ह्यात एकूण क्षारांच्या नकाशावर भागणार नाही. सोडियमचा स्वतंत्र नकाशा हवा. तो गटनिहाय हवा, तीन फूट खोलीपर्यंतचा हवा, आणि त्याच्या शेजारी विहिरी-बोअरच्या पाण्याचा नकाशा हवा. हे होत नाही तोवर ऊस बंद करणं असो, जिप्सम टाकणं असो की चर खणणं असो, आपण अंधारात औषध देत आहोत. आणि काही ठिकाणी ते औषधच जमीन मारतं आहे.

खरं तर आपल्या भाषेनं हा फरक केव्हाच करून ठेवला आहे. ज्या रानात उन्हाळ्यात पांढरा क्षार फुटतो ते खारवट किंवा क्षारपड. ज्यात पाणी साचून राहतं आणि पाय रुततो ते चिबड. आणि जी जमीन पावसानंतर चोपून काढल्यासारखी गच्च बसते, वाळली की दगडासारखी ढेकळं देते, भिजली की साबणासारखी बुळबुळते आणि जिला वाफसा धड येत नाही, ती चोपण. हे तीन शब्द शेतकऱ्यांनी पाहून, तुडवून, नांगर मोडून घडवले आहेत. मग चर्चेत आल्याबरोबर आपण त्यांचा एकच गोळा का करतो?

चोपण जमिनीत नेमकं काय घडतं ते समजून घ्यायला हवं, कारण पुढचा सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. काळ्या मातीतली चिकणमाती म्हणजे अतिशय पातळ, सपाट कणांची चळत. त्या कणांवर ऋण भार असतो, म्हणून ते कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम, सोडियम यांच्या धन भाराच्या कणांना धरून ठेवतात. कॅल्शियमचा भार दुहेरी. तो दोन कणांना जवळ आणून बांधतो, मातीची रवाळ घडण टिकते, मधल्या फटींतून पाणी आणि हवा खेळते. सोडियमचा भार एकेरी आणि त्या भाराच्या मानानं भोवतीचं पाण्याचं वेष्टण मोठं. तो मातीच्या कणाला नुसता सैल बिलगतो. त्याचं प्रमाण वाढलं की पाऊस पडताच कण एकमेकांना सोडतात, पाण्यात विखुरतात आणि खालच्या फटी बुजवून टाकतात. वर पाणी साचतं, खाली मूळ कोरडं राहतं. खारवट जमिनीत याच्या उलट असतं. तिथे विरघळलेले क्षार भरपूर असल्यामुळे माती भुसभुशीत राहते, पाणी मुरतंही. पण ते पाणी इतकं खारं असतं की मुळाला ओढून घेता येत नाही.

आता उपायाकडे या. खारवट जमिनीला निचरा द्या, गोड्या पाण्यानं क्षार धुऊन काढा, ती सुधारते. चोपण जमिनीला आधी कॅल्शियम द्यावं लागतं, सोडियमला मातीच्या कणावरून उठवावं लागतं, आणि मगच धुवावं लागतं. जमीन दोन्ही दोषांची असेल, म्हणजे खारवट-चोपण असेल, आणि आपण ती नुसती पाण्यानं धुतली तर? विरघळलेले क्षार वाहून जातात, कणाला चिकटलेला सोडियम मागे राहतो, आणि ज्या क्षारांमुळे माती कशीबशी सुटी राहिली होती ते गेल्यामुळे ती एकदम बसते. शेतकऱ्याला वाटतं, क्षार गेले, आता पीक येईल. येतो तो चिखल. खार आणि सोडियम यांना एकच मानण्याची ही प्रत्यक्ष किंमत आहे, आणि ती शेतकरीच मोजतो.

सोडियम झाडालाही थेट बाधतो, हेही विसरू नये. जुन्या पानांच्या कडा आधी करपतात, मग करपा आत सरकतो. नान्नजच्या पट्ट्यातल्या द्राक्षबागायतदारांना हे वेगळं सांगायला नको. देठ परीक्षणात सोडियम वाढलेला दिसला की त्यांची झोप उडते. पण पानात दिसेपर्यंत तो मुळाशी किती वर्षं होता?

यावर कुणी म्हणेल की सरकार माती तपासतंच आहे. होय, तपासतं. फेब्रुवारी २०१५ मध्ये मृदा आरोग्य पत्रिकेची योजना सुरू झाली, बागायतीत अडीच हेक्टरला आणि जिरायतीत दहा हेक्टरला एक नमुना असं जाळं आखलं गेलं. देशभर एवढ्या मोठ्या प्रमाणावर माती गोळा करणं ही लहान गोष्ट नाही आणि मी तिला कमी लेखत नाही. पण ती पत्रिका हातात घेऊन वाचा. नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन, सामू, विद्युतवाहकता, सेंद्रिय कर्ब. बारा रकाने. सोडियम कुठे आहे?

सामू (पीएच) आणि विद्युतवाहकता (विरघळलेले क्षार किती ते सांगणारं माप) यांवरून कळतं, असं उत्तर मिळतं. पुस्तकात ते बरोबर आहे. शुद्ध चोपण जमिनीची व्याख्याच अशी आहे की सामू साडेआठच्या वर, संपृक्त अर्काची (पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची) विद्युतवाहकता ४ डेसिसीमेन्स प्रति मीटरच्या खाली, आणि मातीच्या धारणशक्तीत, म्हणजे मातीचे कण जेवढा धन भार धरून ठेवू शकतात त्यात, सोडियमचा वाटा १५ टक्क्यांहून जास्त. म्हणजे चोपण जमिनीची विद्युतवाहकता कमीच असते! ज्या रकान्यावर शेतकरी खार ओळखायला नजर टाकतो, तिथे चोपण जमीन 'सर्वसाधारण' म्हणून पास होते. उरला सामू. आपल्याकडे चुनखडी इतकी आहे की चांगल्या काळ्या रानाचाही सामू आठच्या पुढे असतो. त्यामुळे थोडा वाढलेला सामू पाहून कुणी चमकत नाही. शिवाय नमुना घेतला जातो वरच्या सहा-आठ इंचांतला. काळ्या जमिनीत सोडियम बहुधा खालून वर वाढतो. डाळिंबाचं मूळ कुठे आहे आणि नमुना कुठून घेतला, याचा मेळ आपण कधी घालणार?

ती १५ टक्क्यांची रेषाही तपासून घेण्यासारखी आहे. अमेरिकेतल्या रिव्हरसाइडच्या क्षार प्रयोगशाळेनं १९५४ साली ती प्रसिद्ध केली. ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी आपल्या मातीसाठी ती रेषा १९७२ मध्ये ६ टक्क्यांवर आणली. आणि आपल्याच विदर्भात, पूर्णा नदीच्या खारपाण पट्ट्यात, काळ्या मातीत ५ टक्क्यांच्या आसपासच पाणी मुरणं मंदावतं असं अभ्यासकांनी दाखवून दिलं. याचा अर्थ उघड आहे. १५ ची वाट पाहत बसलो तर सोलापूरची काळी जमीन आजारी पडून कितीतरी वर्षं झाल्यावर आपण तिला आजारी म्हणू. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे: नुसता टक्काही पुरेसा नाही. काही काळ्या मातींत कॅल्शियम असलेलं झिओलाइट खनिज असतं, ते सावकाश कॅल्शियम सोडत राहतं आणि सोडियम असूनही पाणी मुरत राहतं. म्हणून नागपूरच्या मृदा सर्वेक्षण ब्यूरोतल्या शास्त्रज्ञांनी पाणी मुरण्याचा वेगही मोजा असा आग्रह धरला, आणि तो योग्य आहे. पण हे म्हणणं सोडियमच्या नकाशाविरुद्ध जात नाही. नकाशात आणखी एक रकाना हवा, एवढंच ते सांगतं.

मग देशात क्षारपड जमिनींचा नकाशा नाही का? आहे. उपग्रह चित्रं आणि प्रत्यक्ष पाहणी यांवरून तो तयार झाला, आणि त्यानुसार देशात सुमारे ६७ लाख हेक्टर जमीन क्षारबाधित आहे. महाराष्ट्राचा वाटा सुमारे ६.०७ लाख हेक्टर, आणि त्यातली ४.२३ लाख हेक्टर चोपण. म्हणजे आपल्या राज्यातल्या दर दहा क्षारबाधित हेक्टरांपैकी सात हेक्टर चोपण आहेत. तरीही आपली सगळी भाषा खाराची आणि सगळी तपासणी विद्युतवाहकतेची. हा नकाशा १ : २,५०,००० या प्रमाणावरचा. कागदावरच्या एका चौरस मिलिमीटरमध्ये सव्वासहा हेक्टर मावतात. महाराष्ट्रातल्या खातेदाराचं सरासरी क्षेत्र २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार १.३४ हेक्टर आहे. त्या नकाशावर शेतकऱ्याची अख्खी शेती पेन्सिलीच्या टोकाखाली लपते. देशाचं धोरण ठरवायला तो नकाशा उपयोगी आहे. मोहोळ तालुक्यातल्या एखाद्या गटात काय करायचं हे सांगायला नाही.

आता विरोधी बाजूंकडे वळतो. सगळ्यात जोरकस म्हणणं शेतकऱ्याचं आहे: "माझी जमीन मला माहीत आहे." हे शंभर टक्के खरं आहे, आणि ज्या नकाशाकारांनी ते मानलं नाही त्यांचे नकाशे कपाटात पडून आहेत. कुठल्या कोपऱ्यात पेर उगवत नाही, कुठे पाणी थांबतं, कोणत्या वर्षापासून ढेकूळ फुटेना, हे त्याला तोंडपाठ असतं. पण ही माहिती दिसू लागलेल्या रोगाची आहे. जगभरच्या क्षारबाधित जमिनींचा जो नकाशा जागतिक अन्न व कृषी संघटनेनं ऑक्टोबर २०२१ मध्ये मांडला, त्यात वरच्या फूटभरात ४२ कोटी हेक्टरांहून अधिक क्षेत्र बाधित निघालं आणि त्याखालच्या थरात ८३ कोटींहून अधिक. जवळजवळ दुप्पट. जे वर आहे ते शेतकरी पाहतो. जे खाली आहे ते नांगराच्या, डोळ्यांच्या टप्प्यात नाही. आजोबांनी जमीन ओळखली ती विहिरीच्या पाण्यावर आणि शाळूवर. नातू तीच जमीन चारशे-पाचशे फुटांच्या बोअरवर आणि डाळिंबावर चालवतो. आजोबांची ओळख नातवाला किती काळ पुरेल?

बोअरच्या पाण्याबद्दल थोडं थांबून बोललं पाहिजे, कारण या वादात ते जवळजवळ गैरहजर असतं. ठिबकच्या ड्रिपरवर पांढरा थर जमतो, तो काढायला आपण ॲसिड सोडतो. हे सांगोल्यातल्या, पंढरपुरातल्या प्रत्येक बागायतदाराला ठाऊक आहे. तो थर म्हणजे काय? पाण्यातल्या बायकार्बोनेटनं कॅल्शियमला चुन्याच्या रूपात खाली बसवलं. जे ड्रिपरच्या तोंडावर घडतं तेच मातीत घडतं, फक्त दिसत नाही. कॅल्शियम असा बाहेर पडत गेला की पाण्यात आणि मातीच्या कणांवर सोडियमला मोकळं रान मिळतं. म्हणून पाण्याचा नुसता खारेपणा तपासून चालत नाही. कार्बोनेट आणि बायकार्बोनेटच्या बेरजेतून कॅल्शियम आणि मॅग्नेशियमची बेरीज वजा करून जे उरतं ते पाहावं लागतं. ते लिटरला सव्वा मिलिइक्विव्हॅलंटच्या (भाराच्या हिशेबानं क्षार मोजायचं एकक) आत असेल तर पाणी निर्धोक, अडीचच्या वर गेलं तर शेतीला अयोग्य. चवीला गोड लागणारं पाणीही या हिशेबात नापास होऊ शकतं. साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात, जिथे पाऊस वर्षाचा सोडियम खाली धुऊन नेईल याची खात्री नाही, तिथे असं पाणी दर दिवसाआड झाडाच्या बुडात सोडणं म्हणजे चोपण जमीन हातानं तयार करणं आहे. आणि या प्रकरणात कालवा नाही, ऊस नाही.

यावरूनच ऊस बंद करा म्हणणाऱ्यांचं म्हणणं मी अर्धं मान्य करतो आणि अर्धं नाकारतो. कालव्याच्या अतिपाण्यानं जमिनी बिघडतात याचा पुरावा आपल्या शेजारीच आहे, आणि तो शंभर वर्षांहून जुना आहे. नीरेच्या कालव्यावरच्या बिघडलेल्या जमिनींचा अभ्यास हॅरॉल्ड मॅन आणि ताम्हणे यांनी मुंबई इलाख्याच्या कृषी खात्यासाठी केला, तो १९१० मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे १९८० साली उजनीचं धरण उभं राहिलं तेव्हा पुढे काय होऊ शकतं हे सांगणारा मजकूर सत्तर वर्षांचा झाला होता. तरीही निचऱ्याआधी पाणी आलं. ही चूक उसाची बाजू घेऊन झाकता येणार नाही. पण पूर्णेचं खोरं पाहा. तिथल्या चोपण जमिनी पिढ्यान्‌पिढ्या कोरडवाहू आहेत, कालवा तिथे कारण नव्हता. कोरड्या हवेत मातीतला कॅल्शियम चुनखडी होऊन बसत जातो आणि सोडियमचं प्रमाण आपोआप वाढतं. ही हवामानाची सावकाश चाललेली क्रिया आहे, हे मृदाशास्त्रज्ञ डी. के. पाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सविस्तर मांडलं आहे. म्हणून सोलापुरात कुठली जमीन कालव्यानं बिघडली, कुठली बोअरनं आणि कुठली मुळातच तशी आहे, हे वेगळं केल्याशिवाय उसाला एकट्याला फाशी देऊन मंगळवेढ्याचं जिरायती रान सुधारणार नाही.

जिप्समवाल्यांचं म्हणणं पैशाचं आहे आणि ते मला मनापासून समजतं. नकाशावर खर्च करण्यापेक्षा तोच पैसा ट्रॅक्टरनं रानात येऊ द्या, असं ते म्हणतात. पण किती ट्रॅक्टर? दर शंभर ग्रॅम मातीतला एक मिलिइक्विव्हॅलंट सोडियम हटवायला, सहा इंच थरासाठी, हेक्टरी सुमारे १.७ टन जिप्सम लागतं. हलक्या जमिनीची धारणशक्ती पंधरा धरली आणि सोडियम १५ टक्क्यांवरून ५ वर आणायचा म्हटला, तर एकरी एक टनाच्या आसपास पुरतं. खोल काळ्या जमिनीची धारणशक्ती पन्नास असेल तर तेवढ्याच सुधारणेला एकरी साडेतीन टन लागतं, तेही फक्त वरच्या सहा इंचांना. पत्रिकेवर दोघांचा सामू सारखाच असू शकतो. सरसकट एकरी ठरावीक पोती वाटली तर हलक्या रानात ती जास्त होतील, भारी रानात ती न टाकल्यासारखी होतील, आणि नुसत्या खारवट रानात तर त्यांचा उपयोगच नाही. आणखी एक: आपल्या मातीत चुनखडीच्या रूपात कॅल्शियम भरपूर पडून आहे, तो बंद पेटीत आहे. धैंचा-ताग गाडून, शेणखत घालून, गंधक वापरून ती पेटी उघडता येते, आणि काही रानांत तोच स्वस्त मार्ग ठरेल. कोणत्या रानात हे नकाशाशिवाय कोण सांगणार?

उपग्रहाबद्दल थोडक्यात. पांढरा क्षार फुटलेलं रान मार्च-एप्रिलच्या चित्रात चांगलं दिसतं. काळ्या जमिनीतला, दोन फूट खालचा सोडियम दिसत नाही. पीक पिवळं पडलेलं दिसतं. पण ते सोडियमनं, पाण्याच्या ताणानं की लोहाच्या कमतरतेनं, हे चित्र सांगत नाही. नमुने कुठे घ्यायचे हे ठरवायला उपग्रह फार कामाचा आहे. नमुन्यांच्या जागी तो बसवता येणार नाही.

या भागानं टेबलावर बसून केलेल्या पाहणीचे परिणाम एकदा भोगले आहेत. पेशवाई बुडाल्यावर प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्यानं दख्खनच्या जमिनींची पाहणी केली, निव्वळ उत्पन्नाचे बारीक हिशेब मांडले आणि त्यावर सारा बसवला. हिशेब देखणे होते, आकडे खोटे होते. शेजारच्या इंदापुरात लोक जमिनी टाकून गेले. मग १८३५ पासून त्याच इंदापुरातून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्यानं सुरुवात केली. त्यांच्या पद्धतीत शेताचे भाग पाडून प्रत्येक भागात माती खणून पाहत. रंग आणि खोली यांवर प्रत लागे. पावणेदोन हात खोल उत्तम काळी जमीन सोळा आणे. आणि मग दोष. चुनखडीचे खडे, वाळू, उतार, मातीला बांधणी नसणं, पाणी मुरू न देणारी मिसळ, प्रवाहाखाली येणं, पाझराची ओल. एकेक दोष दिसला की प्रत एका पायरीनं उतरे. 'पाणी मुरू न देणारी माती' हा रकाना त्यांच्या पाहणीत होता! बैलगाडीच्या काळात, सारा गोळा करायला, शेतातल्या शेतात खड्डे खणून जे केलं गेलं, ते आज जमीन वाचवायला करणं महाग कसं ठरतं?

पण याच इतिहासात चौथ्या माणसाच्या भीतीचं मूळ आहे, आणि ती भीती मी उडवून लावणार नाही. सरकार शेतात खड्डा खणतं ते काही तरी घेण्यासाठी, हा अनुभव आपल्या हाडात आहे. जमीन चोपण अशी नोंद झाली आणि उद्या सोसायटीनं पीककर्जाला, विमा कंपनीनं भरपाईला, रस्त्याच्या भूसंपादनानं मोबदल्याला तीच नोंद पुढे केली, तर शेतकऱ्यानं कुणाकडे जायचं? म्हणून माझं स्पष्ट म्हणणं आहे की हा नकाशा सातबाऱ्याला जोडू नये. आधी तो ज्याची जमीन त्याच्या हातात जावा, मग ग्रामसभेत वाचला जावा, आणि कर्ज-विमा-मोबदला यांसाठी तो वापरायला शासन निर्णयानंच बंदी असावी. मात्र लपवल्यानं किंमत टिकते, हा समज खोटा आहे. लपवण्याचा फायदा कुणाला होतो? जाणता विकणारा सुटतो. दोन एकर घेण्यासाठी आयुष्याची पुंजी ओतणारा, मुंबई-पुण्याहून परतलेला किंवा शेजारच्या गावचा अल्पभूधारक फसतो. आणि वारसात वाटणी होते तेव्हा कोणत्या भावाच्या वाट्याला चोपण तुकडा गेला, हे बहुतेक वेळा दुबळ्या भावाला सगळ्यात शेवटी कळतं.

गटनिहाय नकाशा करून जमीन सुधारल्याचं उदाहरण देशात आहे. उत्तर प्रदेशात १९९३ पासून जागतिक बँकेच्या मदतीनं उसर, म्हणजे तिथल्या चोपण, जमिनी सुधारण्याचं काम झालं. आधी उपग्रहातून गावं निवडली, मग गावात शेतकऱ्यांच्या समितीनं एकेक तुकडा पाहून प्रती लावल्या, माती तपासून जिप्समची मात्रा ठरली, निचऱ्याच्या चऱ्या आधी झाल्या. ती गंगेच्या गाळाची माती, आपल्यापेक्षा हलकी. त्यांची मात्रा आपल्याला चालणार नाही. पण क्रम चालेल. आपल्याकडे कोल्हापूरच्या शिरोळ तालुक्यात शेतकऱ्यांनी शेजाऱ्यांसह एकत्र येऊन भूमिगत निचऱ्याच्या नळ्या टाकल्या आणि पडीक पडलेली रानं पुन्हा उसाखाली आणली. तिथे खार जास्त होता, म्हणून निचऱ्यानं काम झालं. तीच योजना चोपण रानात जशीच्या तशी उचलली तर नळीपर्यंत पाणी पोहोचणारच नाही.

खर्चाचा मुद्दा शेवटी राहतोच, म्हणून एक गोष्ट सांगतो. एका प्रयोगशाळेत मी विचारलं की सोडियम का काढत नाही. उत्तर मिळालं, कुणी मागत नाही. पालाश मोजायला माती अमोनियम ॲसिटेटमध्ये हलवतात, गाळतात आणि तो अर्क फ्लेम फोटोमीटरच्या ज्योतीत सोडतात. त्याच अर्कात सोडियमही उतरलेला असतो. ज्योत तीच, यंत्र तेच. यंत्रातली प्रकाश गाळणारी काच (फिल्टर) बदलायची आणि सोडियमचं प्रमाणित द्रावण लावायचं. पाण्यात विरघळलेला सोडियम वजा करायला एक जास्तीचा नमुना भिजवावा लागतो. एवढाच वाढीव खर्च. ज्या छोट्या किटवर फोटोमीटर नाही तिथे हे होणार नाही, पण जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत उद्यापासून होऊ शकतं.

आणि प्रयोगशाळा लांब असेल तर काचेचे ग्लास आहेत. इमर्सन नावाच्या शास्त्रज्ञानं १९६७ मध्ये मांडलेली साधी चाचणी आहे: वाळलेलं छोटं ढेकूळ पावसाच्या पाण्यात अलगद सोडायचं, हलवायचं नाही आणि दोन तासांनी बघायचं. ढेकूळ नुसतं फुटून खाली बसलं तर ठीक. त्याच्या भोवती दुधाळ, गढूळ वलय पसरलं तर माती विखुरते आहे. मोहोळजवळच्या आमच्या रानात गेल्या मे महिन्यात मी तीन ग्लास मांडले. वरच्या थराचं ढेकूळ पाण्यात सुटलं, पाणी नितळ राहिलं. एक फुटावरच्या ढेकळाभोवती बारीकसं वलय आलं. दोन फुटांखालच्या ढेकळाचा ग्लास संध्याकाळपर्यंत आरपार दिसेनासा झाला. त्याच गटाच्या पत्रिकेवर विद्युतवाहकतेपुढे 'सर्वसाधारण' लिहिलं आहे, आणि लिहिणाऱ्यानं काही चूक केलेली नाही. त्याच्या कागदावर तिसऱ्या ग्लासासाठी रकानाच नव्हता.

कृषी महाविद्यालयातली आणि माध्यमिक शाळांतली मुलं एप्रिल-मे मध्ये, पेरणीआधी, गावागावांत ही चाचणी करू शकतात. जिथे वलय दिसेल तिथे कृषी सहायकानं तीन खोलींचे नमुने आणि जवळच्या विहिरीचं पाणी प्रयोगशाळेत न्यावं. दर पाच वर्षांनी त्याच जागी परत खणावं, म्हणजे सोडियम वर सरकतो आहे की उतरतो आहे ते कळेल. सुरुवात अख्ख्या जिल्ह्यात करायची गरज नाही. उजनीच्या कालव्यावरचा एक तालुका, बोअरवर चालणारा सांगोला आणि जिरायती मंगळवेढा असे तीन घ्यावेत. तीन वेगळी कारणं शेजारी शेजारी दिसतील. आणि पत्रिकेत तेरावा रकाना घालावा, त्यावर 'सोडियम' असं लिहावं, कंसात 'चोपण'.